सुरक्षित आणि गळतीमुक्त ॲसिटिलीन जनित्राची रचना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही माहिती कोणासाठी आहे?

कार्बाइड (कॅल्शियम कार्बाइड) आणि पाणी यांपासून वेल्डिंग व कटिंगसाठी ॲसिटिलीन गॅस तयार करणारे जनित्र निवडणारे, तपासणारे किंवा अभियंत्याच्या देखरेखीखाली त्याची रचना करणारे वाचक येथे गृहीत धरले आहेत. हाती लागलेल्या पिंपापासून घरच्या घरी जनित्र जोडू नये. असे साधन वापरात आणण्यापूर्वी त्याचा आराखडा आणि प्रत्यक्ष टाकी या दोन्हींची सक्षम प्राधिकरणाकडून तपासणी व मान्यता आवश्यक असते. पुढील उत्तरे त्या तपासणीची जागा घेऊ शकत नाहीत. तपासणीत काय पाहिले जाते आणि का पाहिले जाते, हे मात्र त्यांतून कळेल.

गळतीमुक्त जनित्र म्हणजे सर्व बाजूंनी घट्ट बंद केलेली टाकी, असे समजायचे का?

नाही, आणि या विषयातील सर्वांत घातक गैरसमज हाच आहे. कार्बाइडला पाणी लागले की गॅस तयार होणे आपल्या इच्छेने थांबत नाही. ओला झालेला कार्बाइड संपेपर्यंत गॅस येतच राहतो. एक साधा हिशेब पाहावा. बाजारात मिळणाऱ्या १ किलो कार्बाइडपासून सुमारे २८० लिटर गॅस मिळतो. टाकीत १०० लिटर मोकळी जागा असेल, बाहेरचा व्हॉल्व्ह बंद असेल आणि त्याच वेळी १ किलो कार्बाइड पूर्णपणे भिजला असेल, तर आतील दाब वातावरणापेक्षा जवळजवळ २.८ बारने वाढेल. ॲसिटिलीनसाठी सामान्यतः पाळली जाणारी मर्यादा सुमारे १ बार आहे, म्हणजे ही टाकी मर्यादेच्या जवळपास तिप्पट दाबावर जाईल. म्हणून चांगल्या जनित्रात गॅसला बाहेर पडण्याचे दोनच मार्ग असतात, एक टॉर्चकडे जाणारा आणि दुसरा उघड्या हवेत उंचावर सुरक्षितपणे सोडणारा. दुसरा मार्ग कोणालाही, कोणत्याही कारणाने बंद करता येऊ नये. या दोन मार्गांखेरीज तिसरीकडून गॅस निसटत नसेल, तरच त्या जनित्राला गळतीमुक्त म्हणावे.

दाबाची मर्यादा एवढी कमी का ठेवतात?

ॲसिटिलीनचा स्फोट होण्यासाठी ऑक्सिजन लागतोच असे नाही. दाब वाढल्यावर ठिणगी, उष्णता किंवा धक्का मिळताच हा वायू स्वतःच कार्बन आणि हायड्रोजन यांत विघटित होतो. या विघटनात दर मोलमागे सुमारे २२७ किलोजूल उष्णता बाहेर पडते आणि बंद भांड्यातील दाब मूळ दाबाच्या दहापटीहून अधिक होऊ शकतो. हवेत किंवा ऑक्सिजनमध्ये मिसळलेला नसला तरी तो फुटू शकतो, हे इतर इंधनवायूंच्या सवयीने काम करणाऱ्यांच्या लक्षात राहत नाही. त्यामुळेच मुक्त अवस्थेतील ॲसिटिलीन १५ पौंड प्रति चौरस इंच, म्हणजे सुमारे १.०३ बार, या गेज दाबापलीकडे (वातावरणाच्या दाबाहून जितका जास्त तितका दाब) न वापरण्याचा दंडक आहे.

लहान कार्यशाळेसाठी माझा आग्रह यापेक्षाही खाली राहण्याचा आहे. इंजेक्टर पद्धतीची टॉर्च (ऑक्सिजनचा झोत जिच्यात गॅस ओढून घेतो) पाण्याच्या काही शे मिलिमीटर उंचीइतक्या दाबावर व्यवस्थित चालते. काम तेवढ्यात भागत असेल, तर एक बारच्या जवळ जाण्याचे काहीच कारण नाही.

सिलिंडरमध्ये ॲसिटिलीन याहून कितीतरी जास्त दाबाने असतो. मग जनित्रातील गॅस रिकाम्या सिलिंडरमध्ये भरून ठेवता येईल का?

अजिबात नाही. ॲसिटिलीनचा सिलिंडर आतून पोकळ नसतो. त्यात सच्छिद्र पदार्थ ठासून भरलेला असतो, त्या छिद्रांत ॲसिटोन किंवा तत्सम द्रावक असतो आणि गॅस त्या द्रावकात विरघळलेला असतो. जॉर्ज क्लोद आणि आल्बेर हेस या फ्रेंच संशोधकांनी १८९६-९७ च्या सुमारास द्रावकाचा हा मार्ग दाखवला. साध्या पोकळ सिलिंडरमध्ये ॲसिटिलीन दाबून भरणे म्हणजे वरच्या उत्तरात वर्णन केलेले विघटन स्वतःच्या हाताने घडवून आणणे होय. स्वीडनचे गुस्ताफ दालेन यांच्याइतका या वायूचा जाणकार विरळाच होता. दीपगृहांसाठी ॲसिटिलीनचे दिवे आणि स्वयंचलित नियंत्रक त्यांनी घडवले आणि १९१२ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले. त्याच वर्षी ॲसिटिलीनच्या प्रयोगात झालेल्या स्फोटात त्यांची दृष्टी गेली.

जनित्राचे कोणते प्रकार आहेत आणि त्यांत अधिक सुरक्षित कोणता?

मुख्य प्रकार तीन आहेत. पहिल्यात भरपूर पाण्यात थोडा थोडा कार्बाइड पडतो, दुसऱ्यात कार्बाइडच्या ढिगावर पाणी ठिबकते आणि तिसऱ्यात जाळीतील कार्बाइड व पाणी यांचा संपर्क दाबानुसार आपोआप जुळतो व तुटतो.

पहिला प्रकार निःसंशय अधिक सुरक्षित आहे आणि त्याचे कारण उष्णता आहे. शुद्ध कार्बाइडच्या १ किलोमागे सुमारे २ मेगाजूल उष्णता बाहेर पडते. कार्बाइड पाण्यात बुडालेला असला की ही उष्णता पाणी शोषून घेते आणि तापमान पाण्याच्या उत्कलनबिंदूपलीकडे जात नाही. ढिगावर पाणी ठिबकवले की मात्र प्रत्येक खड्याभोवती क्रियेतून उरणाऱ्या चुन्याचे कवच तयार होते, आतली उष्णता बाहेर पडायला वाव राहत नाही आणि ढिगाच्या मध्यभागी तापमान कित्येक शे अंशांवर जाऊ शकते. इतक्या उष्णतेत ॲसिटिलीनचे रेणू एकमेकांना जोडले जाऊन डांबरासारखे पदार्थ बनू लागतात. ती क्रियाही उष्णता बाहेर टाकणारीच असल्याने परिस्थिती आणखी चिघळते. हवेत ॲसिटिलीन सुमारे ३०५ अंश सेल्सिअसला आपोआप पेट घेतो, हे लक्षात घेतले तर अशा तापलेल्या टाकीचे झाकण घाईने उघडणे किती धोक्याचे आहे ते वेगळे सांगायला नको. गाळ पिवळट किंवा तपकिरी निघत असेल, तर जनित्र आतून तापत आहे असे समजून त्याचा वापर थांबवावा.

दुसऱ्या प्रकाराचा आणखी एक दोष असा की पाणी बंद केल्यावरही ओला ढीग बराच वेळ गॅस देत राहतो. खाणकामगारांच्या आणि सायकलींच्या जुन्या कार्बाइड दिव्यांत हीच पद्धत होती, पण तेथे कार्बाइड मूठभर असे. किलोंच्या मापात ती पद्धत आणणे योग्य नाही.

टाकीचे आणि पाण्याचे माप कसे ठरवावे?

सुरुवात टॉर्चपासून करावी, टाकीपासून नाही. पोलादाच्या जोडकामात पत्र्याच्या दर मिलिमीटर जाडीला ताशी सुमारे १०० लिटर ॲसिटिलीन लागतो, असा कामचलाऊ ठोकताळा आहे. पत्रा ५ मिलिमीटरचा असेल तर ताशी ५०० लिटर गॅस हवा, म्हणजे ताशी सुमारे १.८ किलो कार्बाइड लागेल. रासायनिक क्रियेपुरते पाहिले तर १ किलो शुद्ध कार्बाइडला अर्ध्या लिटरहून थोडेच अधिक पाणी पुरते. पण पाण्याचे खरे काम उष्णता वाहून नेण्याचे असल्याने १ किलोमागे सुमारे १० लिटर पाणी धरावे. या हिशेबाने १८ लिटर पाणी लागते. बाजारातील कार्बाइड साधारण ८० टक्के शुद्ध धरल्यास तासाभरात बाहेर पडणारी उष्णता २.९ मेगाजूलच्या आसपास जाते आणि तेवढे पाणी ३८ अंशांनी तापते. सुरुवातीचे पाणी २५ अंशांचे असेल तर शेवटी ते ६३ अंशांवर पोहोचेल. पाणी ७० अंशांच्या आत ठेवणे हे चांगले उद्दिष्ट आहे. त्यामुळे उन्हाळ्यात, पाणी आधीच कोमट असताना, त्याच टाकीत कार्बाइडची भरती कमी करावी लागते. टाकीवर कार्बाइडची कमाल भरती आणि पाण्याची किमान पातळी ठळकपणे कोरलेली असावी. रंगाने लिहिलेले आकडे फार काळ टिकत नाहीत.

खड्यांचा आकारही नेमून द्यावा. कार्बाइडची पूड पाण्यात पडताच एकदम फसफसते आणि गॅसचा लोंढा येतो, तर फार मोठे खडे सरकद्वारात (कार्बाइड पाण्यात सोडणाऱ्या सरकत्या झाकणात) अडकतात. ज्या मापाच्या खड्यांसाठी यंत्रणा बनवली आहे तेच खडे वापरावेत आणि डब्याच्या तळाशी साचलेली पूड टाकीत कधीही ओतू नये.

दाब आपोआप मर्यादेत राहील अशी रचना शक्य आहे का?

होय, आणि कमी दाबाच्या जनित्रासाठी तरंगत्या घंटेइतकी भरवशाची रचना दुसरी नाही. पाण्याच्या गोल हौदात उपडी घातलेली पोलादी घंटा गॅस साचला की वर उचलली जाते आणि वापरला की खाली बसते. तिचे वजन भागिले तिचे क्षेत्रफळ एवढाच आतील दाब असतो. समजा घंटेचे वजन ४० किलो आणि क्षेत्रफळ ०.२ चौरस मीटर आहे. मग दाब चौरस मीटरला २०० किलो, म्हणजेच २०० मिलिमीटर पाण्याइतका, राहील. येथे जाम होणारी स्प्रिंग नाही आणि कोणी फिरवून ठेवावा असा स्क्रूही नाही. घंटा ठरावीक उंचीवर गेली की कार्बाइड पडणे बंद व्हावे आणि त्याहून वर गेली की वायुवाहिनीचे (जादा गॅस उघड्या हवेत सोडणाऱ्या नळीचे) तोंड उघडे पडून जादा गॅस बाहेर जावा, अशी जोडणी असते. कार्बाइड पडणे थांबल्यानंतर आधीच पाण्यात असलेल्या खड्यांपासून जो गॅस येत राहतो, तो सामावण्याइतकी जागा घंटेत शिल्लक असायला हवी. घंटा तिरकी होऊन अडकणार नाही यासाठी तिचे मार्गदर्शक दांडे सरळ आणि गंजमुक्त ठेवावेत.

मध्यम दाबाच्या बंद टाकीला मात्र सुरक्षा झडप अनिवार्य आहे. ती १.०३ बारपूर्वी उघडली पाहिजे आणि जनित्र जास्तीत जास्त वेगाने जितका गॅस तयार करू शकते तितका सगळा बाहेर सोडण्याची तिची क्षमता असली पाहिजे. तिच्या बाहेरच्या नळीवर कुठेही व्हॉल्व्ह बसवू नये. नळीचे तोंड छताच्या वर, खिडक्या आणि ज्वालांपासून दूर असावे व त्यात पावसाचे पाणी शिरू नये.

टॉर्चमधून ज्वाला किंवा ऑक्सिजन उलटा आला तर तो कसा अडवायचा?

कमी दाबाच्या जोडकामात ऑक्सिजनचा दाब ॲसिटिलीनपेक्षा कित्येक पट जास्त असतो. टॉर्चचे तोंड वितळलेल्या धातूने बुजले की ऑक्सिजन गॅसच्या नळीतून थेट जनित्राकडे निघतो. ॲसिटिलीन आणि ऑक्सिजन यांचे मिश्रण टाकीपर्यंत पोहोचले आणि मागोमाग ज्वालाही आली, तर परिणाम काय होईल हे स्पष्ट आहे. म्हणून जनित्र आणि टॉर्च यांच्यामध्ये वॉटर सील असलाच पाहिजे.

उघड्या प्रकारच्या वॉटर सीलची रचना बारकाईने समजून घेण्यासारखी आहे. गॅस आणणारी नळी पाण्यात खोलवर बुडालेली असते आणि बाहेरच्या हवेत उघडणारी दुसरी नळी तिच्यापेक्षा कमी बुडालेली असते. नेहमीच्या प्रवाहात गॅस पाण्यातून बुडबुड्यांनी वर येऊन टॉर्चकडे जातो. उलटा दाब आला की सीलमधील पाण्याची पातळी खाली ढकलली जाते. कमी बुडालेल्या नळीचे तोंड आधी उघडे पडते आणि उलटा आलेला वायू बाहेर फेकला जातो. खोल नळीचे तोंड तोवर पाण्याखालीच असते, त्यामुळे जनित्राचा मार्ग बंद राहतो. ही सगळी सुरक्षा पाण्याच्या पातळीवर अवलंबून आहे. काम सुरू करण्यापूर्वी दररोज, आणि एकदा जरी ज्वाला उलटली तरी त्यानंतर लगेच, पातळीच्या तोटीतून पाणी येते की नाही हे पाहावे. प्रत्येक टॉर्चला स्वतंत्र सील द्यावा. याच्या जोडीला टॉर्चजवळ सुका फ्लॅशबॅक अरेस्टर (उलटी ज्वाला पाण्याविना अडवणारे साधन) बसवणे उत्तम. मात्र तो आहे म्हणून वॉटर सील काढून टाकू नये.

कोणते धातू चालतात आणि कोणते वर्ज्य आहेत?

टाकी, नळ्या आणि घंटा यांसाठी साधे किंवा स्टेनलेस पोलाद योग्य आहे. शुद्ध तांबे, चांदी आणि पारा यांचा ॲसिटिलीनशी दीर्घकाळ संपर्क आला की या धातूंची ॲसिटिलाइडे तयार होतात. ती सुकल्यावर नुसत्या घर्षणाने किंवा आघातानेही स्फोट पावतात, आणि तेवढा स्फोट आतील गॅस पेटवायला पुरतो. कार्बाइडपासून मिळणारा गॅस ओलसर असतो आणि त्यात थोडा अमोनियाही असतो. या दोन्हींमुळे तांब्यावर ही क्रिया अधिक सहज होते. म्हणून तांब्याची नळी तात्पुरतीसुद्धा जोडू नये. पितळी व्हॉल्व्ह चालतात, परंतु त्यांतील तांब्याचे प्रमाण ६५ टक्क्यांच्या आत असल्याची खात्री करून घ्यावी. चांदीच्या डागाने सांधे जोडू नयेत आणि दाब मोजायला पाऱ्याची नळी वापरू नये; पाण्याची नळी स्वस्त, अचूक आणि निर्धोक आहे. ॲल्युमिनियमवर चुन्याचे क्षारीय पाणी क्रिया करते आणि त्यातून हायड्रोजन सुटतो, म्हणून गाळाच्या संपर्कात तेही नको.

सांधे शक्यतो अखंड वेल्डिंगचे असावेत. जेथे उघडझाप आवश्यक आहे तेथेच फ्लॅंज (बोल्टने जोडायची कडी) आणि नायट्राइल किंवा निओप्रीन रबराचे गॅस्केट वापरावे. पाणी साचून मार्ग अडू नये म्हणून गॅसच्या नळीला उतार द्यावा आणि सर्वांत खालच्या जागी निचऱ्याची सोय ठेवावी.

गळतीची चाचणी कशी करतात?

टाकीच्या मजबुतीची चाचणी पाणी भरून केली जाते, हवा भरून नाही. दाबलेल्या हवेत साठलेली ऊर्जा टाकी फुटल्यास तुकडे दूरवर फेकते, पाण्याच्या बाबतीत तसे होत नाही. मजबुती सिद्ध झाल्यावर कार्यरत दाबाइतकी हवा किंवा नायट्रोजन भरून प्रत्येक सांध्यावर साबणाचे पाणी लावतात आणि त्यानंतर दाब टिकतो का ते पाहतात. ही सगळी चाचणी कार्बाइड भरण्यापूर्वीची आहे.

दाब टिकण्याच्या चाचणीत अनेकांची फसगत तापमानामुळे होते. बंद टाकीतील हवेचे तापमान केवळ १ अंशाने बदलले तरी दाब सुमारे ३५ मिलिमीटर पाण्याइतका बदलतो. चाचणीचा दाब ३०० मिलिमीटर असेल तर हा बदल दहा टक्क्यांहून अधिक ठरतो. टाकीवर ऊन आले तर खरी गळतीसुद्धा त्या वाढीत लपून जाते, आणि संध्याकाळी टाकी थंड होताना नसलेली गळती दिसू लागते. म्हणून चाचणी सावलीत घ्यावी, हवा भरल्यावर तापमान स्थिर होऊ द्यावे आणि दाबाच्या प्रत्येक नोंदीसोबत तापमानाचीही नोंद करावी. शंका उरली तर साबणाच्या पाण्याचा बुडबुडा हाच अंतिम पुरावा मानावा. ज्वाला फिरवून गळती शोधण्याचा प्रयत्न कोणीही, कधीही करू नये.

वास आला नाही म्हणजे गळती नाही, असे मानता येईल का?

नाही. लसणासारखा जो वास ओळखीचा आहे तो मुख्यतः फॉस्फिनसारख्या अशुद्धींचा असतो. शुद्ध ॲसिटिलीनला सौम्य वास असतो. शिवाय वासाला नाक लवकर सरावते. हवेत २.५ टक्के ॲसिटिलीन झाला तरी मिश्रण पेटू शकते, आणि सुमारे ८० टक्क्यांपर्यंत ते ज्वालाग्राहीच राहते. पेटण्यासाठी लागणारी ठिणगी इतकी क्षीण पुरते की कपड्यांवरील स्थिर विद्युतही त्यासाठी पुरेशी आहे. हा वायू हवेपेक्षा किंचित हलका, हवेच्या सुमारे ०.९ पट घनतेचा, असल्याने छताजवळ झरोके हवेत. जनित्र उघड्यावर किंवा स्वतंत्र हवेशीर शेडमध्ये ठेवणे अर्थातच चांगले.

कार्बाइड भरताना आणि टाकी साफ करताना एवढी काळजी का सांगतात?

कारण चालू जनित्रात फक्त गॅस असतो, तर उघडलेल्या जनित्रात गॅस आणि हवा दोन्ही असतात. माझ्या मते रचनाकाराने सर्वाधिक विचार याच क्षणाचा करावा. टाकीत मोकळी जागा जितकी कमी, तितकी तीत शिरणारी हवा कमी. नव्या भरतीनंतरचा पहिला गॅस टॉर्चकडे न नेता वायुवाहिनीने बाहेर सोडावा. नायट्रोजनने हवा हुसकावणे अधिक चांगले. कार्बन डायऑक्साइड मात्र वापरू नये, कारण चुन्याचे पाणी तो शोषून घेते, आतील दाब घटतो आणि बाहेरची हवा आत ओढली जाऊ शकते. कार्बाइडच्या कप्प्याचे झाकण सरकद्वार बंद झाल्याशिवाय आणि आतील दाब बाहेर सोडल्याशिवाय उघडणारच नाही, अशी यांत्रिक अडवणूक रचनेतच असावी. दमलेल्या माणसाच्या स्मरणशक्तीवर अशा गोष्टी सोपवू नयेत.

चुन्याच्या गाळाचे काय करावे?

तो उघड्यावरच्या खड्ड्यात सोडावा, बंद गटारात नाही. सामान्य तापमानाला पाणी स्वतःच्या आकारमानाइतका ॲसिटिलीन विरघळवून धरते आणि गाळात क्रिया पूर्ण न झालेले कार्बाइडचे खडेही असू शकतात. त्यामुळे गाळ बाहेर काढल्यावरही गॅस सुटत राहतो. खड्ड्याजवळ ज्वाला नको. गाळ अत्यंत क्षारीय असल्याने डोळ्यांना चष्मा आणि हातांत रबरी मोजे घालावेत.

कार्बाइडचा साठा कसा ठेवावा?

हवाबंद डब्यात, कोरड्या आणि उंच जागी. डबा उघडताना ठिणगी पडेल अशी छिन्नी-हातोडी वापरू नये. कार्बाइडला आग लागल्यास पाणी किंवा फेस मारू नये; कोरडी वाळू किंवा कोरडी रासायनिक पूड वापरावी.

जुने, रिकामे जनित्र दुरुस्त करताना थेट वेल्डिंग करता येईल का?

नाही. वर्षानुवर्षे बंद असलेल्या टाकीच्या कोपऱ्यात, जाळीखाली किंवा चुन्याच्या थराआड कार्बाइडचे खडे आणि गॅस राहिलेला असू शकतो. आधी टाकी मोकळ्या हवेत उघडून ठिणगी न पडणाऱ्या अवजारांनी सगळा चुना काढावा. नंतर ती काठोकाठ पाण्याने भरून ओसंडू द्यावी आणि बुडबुडे पूर्ण थांबेपर्यंत तशीच ठेवावी. गरम काम करताना टाकी दुरुस्तीच्या जागेच्या जरा खालपर्यंत पाण्याने भरलेली ठेवावी, उरलेल्या जागेतील हवा नायट्रोजनने हुसकावावी आणि झाकण उघडे ठेवावे. दुरुस्तीनंतर मजबुतीची व गळतीची चाचणी पुन्हा पहिल्यापासून घ्यावी आणि ती उत्तीर्ण झाल्याची लेखी नोंद झाल्यावरच टाकीत कार्बाइड भरावा.